सकाळच्या गाडीने न्या

भाऊ हा बहिणीचा पाठीराखा असतो, असं आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. सांगणारे बहुतेक भाऊच असावेत. मी माझ्या बहिणीचा पाठीराखा म्हणून आयुष्यात एकदाच कामगिरीवर गेलो, आणि तेव्हा पाठ हाच माझा सर्वांत कामसू अवयव ठरला. पाच दिवस ती सारखी वाकत होती.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. आम्ही मुलुंडला राहत होतो. बाहेरगावी गेलो की आम्ही मुंबईचे म्हणवून घ्यायचो, आणि मुंबईतले लोक आम्हाला बाहेरगावचे समजायचे. वडील गेल्यावर घरात आई, मी आणि धाकटी बहीण एवढेच होतो. मग बहिणीचं लग्न झालं आणि ती साताऱ्याच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली. दीड वर्षाने पत्र आलं की तिला दिवस गेले आहेत. त्यानंतरच्या पत्रांत तिने पायांवरच्या सुजेबद्दल लिहिलं. मग एका पत्रात, मजकूर संपल्यावर समासात बारीक अक्षरांत, मधूनमधून डोळ्यांपुढे अंधारी येते असं लिहिलं होतं.

आईने ते पत्र स्टेशनजवळच्या लेडी डॉक्टरांना नेऊन दाखवलं. त्या घाटकोपरहून यायच्या आणि कमी बोलायच्या. त्यांनी समास वाचला आणि म्हणाल्या, "लवकर आणा. तिथे ठेवू नका."

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाजच होता, त्यामुळे आणण्यात अडचण नव्हती. अडचण दिवसांची होती. सातव्यात न्यायचं, एकदा आठवा लागला की हलवत नाहीत, आणि नवव्याचं तर नावच नको. आईच्या हिशेबाने आठवा एका गुरुवारी लागत होता. तिला स्वतःला जाता येत नव्हतं, कारण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा आमच्या घरचा दंडक. मे महिन्यात त्या गावी जाऊन पाणी प्यायचं नाही म्हणजे काय, हे दंडक घालणाऱ्यांना ठाऊक नसावं. भावाला पाणी चालत होतं. म्हणून मी.

निघताना आईने शिकवण दिली. "फार बोलू नकोस. ते म्हणतील, उद्याच न्या. लगेच हो म्हणायचं नाही."

"का?"

"अधाशासारखं दिसतं. आपण मुलीकडचे. आपण म्हणायचं, तुमच्या सवडीने. दुसऱ्यांदा म्हणाले की मग हो म्हण."

"आणि दुसऱ्यांदा नाही म्हणाले तर?"

"म्हणतात रे. रीत असते ती."

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला एसटीने मला त्या गावात उतरवलं आणि धुरळ्यात नाहीशी झाली. गावात एक रस्ता होता आणि त्या वेळी त्यावर मी एकटा होतो. कडुनिंबाच्या सावलीत एक गाढव उभं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. सगळी घरं धाब्याची, मातीच्या छपराची, आणि सगळ्यांचा रंग जमिनीचाच, त्यामुळे गाव कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं. पाटीवर डॉक्टरांचा वार बाजाराचा दिवस असा लिहिला होता आणि त्याखाली कुणीतरी खडूने 'आले तर' अशी भर घातली होती. परत जायला गाडी एकच, सकाळी सातची.

बहिणीचे सासरे दारातच उभे होते. निवृत्त हेडमास्तर. घरीसुद्धा कोट घालायचे, आणि त्या उन्हात तो कोट पाहूनच मला घाम फुटला. बोलताना ते प्रत्येक वाक्य पूर्ण करायचे, आणि ते पूर्ण होईपर्यंत समोरच्याने हलायचं नसे. पण माणूस मनाने चांगला होता. हे मी आज लिहितो. तेव्हा मला ते कळायला थोडा उशीर झाला.

पाय धुऊन बसलो. बहीण पाणी घेऊन आली. तिच्या पायांकडे पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी पाहिलं. जोडव्यांच्या दोन्ही बाजूंनी बोटं फुगून वर आली होती.

सासरे म्हणाले, "आपण सूनबाईंना न्यायला आलात, हे आम्ही जाणून आहोत. आमची काही एक हरकत नाही. उद्या सकाळच्या गाडीने न्या."

माझ्या तोंडात 'हो' आला होता. तो मी गिळला. "छे छे, एवढी काय गडबड आहे? तुमच्या सवडीने."

ते क्षणभर थांबले. मग त्यांचा चेहरा खुलला. "गडबड नाही ना? मग उत्तम! मग आपण सोमवारचा समारंभ पाहूनच जावं. गावात नळ येतो आहे. खुद्द नामदार येणार आहेत."

दुसऱ्यांदा ते म्हणालेच नाहीत.

चहा झाल्यावर बहीण विहिरीवर निघाली, तिच्याबरोबर गेलो. विहीर गावाबाहेर होती, आणि इतकी खोल की बादली आत सोडल्यावर पाण्याचा आवाज यायच्या आधी माणूस दुसरा विचार करू शकत असे.

"दादा, तू काय म्हणालास रे मामंजींना?"

"तुमच्या सवडीने म्हटलं."

"का?"

"असं म्हणतात."

"कोण म्हणतं?" तिने दोर ओढायचा थांबवला. "ते मनापासून म्हणाले होते. सासूबाईंनी कोठीतून माझी ट्रंक काढून पुसून ठेवली होती. पातळांच्या घड्या घातल्या होत्या. वाटेत खायला दशम्या करायच्या म्हणून गूळ चिरून ठेवला होता. तू सवडीने म्हणालास आणि ट्रंक परत कोठीत गेली."

"मला काय माहीत?"

"आता जा आणि सांग, चुकून म्हणालो."

"चुकून कसं सांगू?"

"तोंडाने."

मी बादली तिच्या हातून घ्यायला गेलो. शेजारच्या रहाटावरच्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "अगं बया, मुंबैचं पाव्हणं पानी भरत्यात!" दुसरी म्हणाली, "भरू द्या की. मुंबैत बापय मान्सं दुसरं काय करत्यात?" बहिणीने बादली परत घेतली. "सोड रे. घरी कळलं तर मलाच बोलणी बसतील."

घरी आलो आणि सांगायचंच असं ठरवून सासऱ्यांच्या खोलीत गेलो. ते स्वागत समितीचे अध्यक्ष होते आणि समोर कागद पसरून बसले होते. मी म्हणालो, "ते मघाशी जे बोललो, त्यात जरा..."

"या, या! आपलीच वाट पाहत होतो. आपलं वाचन दांडगं आहे, असं सूनबाई म्हणतात. नामदारांना मानपत्र द्यायचं आहे. इथल्या माणसांना भाषा नाही. आपण मुंबईच्या कचेरीतले."

मुंबईच्या कचेरीत मी मालाच्या पावत्या तपासत होतो. पण त्यांनी माझ्या हातात कागद दिला, टाक दिला, आणि दौत स्वतः उचलून माझ्यापुढे ठेवली. ज्या माणसाकडून बहीण न्यायची, त्याने पुढे केलेली दौत मागे सारता येत नाही.

मी बाहेर आलो तेव्हा बहीण चुलीपुढे होती. "सांगितलंस?"

"मानपत्र लिहायचंय."

"कुणी?"

"मी."

ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "वाट लागली! दादा, आईने तुला मला न्यायला पाठवलंय की ठेवायला?"

रविवारी सकाळी सात वाजता मी चहा पीत होतो, तेव्हा गाडीचा भोंगा वाजला. मग गाडी गेली. त्या गावात आवाज फार नव्हते, त्यामुळे ती बराच वेळ जाताना ऐकू येत राहिली.

दिवसभर मानपत्र लिहिलं. ज्याला आपण पाहिलेलं नाही, ज्याचं काम आपल्याला ठाऊक नाही, अशा माणसाची स्तुती करणं वाटतं त्यापेक्षा सोपं असतं. ओळख असती तर हात अडला असता. मी 'जलदाते' लिहिलं. सासऱ्यांनी त्याच्या आधी 'तृषार्तांचे तारणहार' घातलं. मी 'आमच्या गावी आलात' असं लिहिलं, त्यांनी त्याचं 'आपल्या चरणरजांनी ही भूमी पुनीत झाली' असं केलं. त्या भूमीवर रजांची टंचाई नव्हती. मध्ये एकदा धीर करून विचारलं, "मग समारंभानंतर..."

"मंगळवारी सकाळच्या गाडीने न्या," ते म्हणाले. या वेळी मी एक क्षणही दवडला नाही. हो म्हणालो, मोठ्याने म्हणालो, दोनदा म्हणालो. सोमवारी बहिणीने नामदारांना ओवाळायचं होतं. सून मुंबईची आणि सातवा महिना, याहून शुभ काय? मंगळवारी आम्ही निघणार होतो. गुरुवारला दोन दिवस राहत होते. मला वाटलं, जमलं.

दुपारी मेहुण्यांबरोबर नळ पाहायला गेलो. ते गावातल्याच शाळेत मास्तर होते, आणि घरी वडिलांपुढे विद्यार्थी होते. नळ शाळेच्या भिंतीतून बाहेर आला होता आणि त्याला रेशमी फीत बांधली होती. भिंतीच्या मागे गेलो तर दगडांच्या ओट्यावर एक मोठं पिंप ठेवलेलं. नळ त्याला जोडला होता.

"आणि पिंप कशाला जोडलंय?"

"पिंप कशालाच नाही जोडलेलं," मेहुणे म्हणाले. "पाइप अजून ओढ्यापलीकडे आहे. योजना पुरी व्हायची आहे. उद्घाटनाची तयारी पुरी झाली आहे."

"मग पाणी?"

"भरणार ना. बायका भरतील उद्या."

सोमवारी सकाळी बायका विहिरीपासून शाळेपर्यंत रांगेने घागरी आणत होत्या. अध्यक्षांच्या घरची सून मागे कशी राहणार? बहीण त्या रांगेत होती. एक घागर, मग दुसरी. तिसऱ्या वेळी ती मध्येच थांबली, घागर खाली ठेवली आणि डोळे मिटून उभी राहिली. मी धावलो आणि घागर उचलली. पुन्हा हसणं झालं, पण या वेळी सासरे तिथे होते.

"अहो, आपण हे काय करता? पाहुण्याने पाणी भरायचं? चार माणसांत आमची काय अब्रू राहील?"

"तिला अंधारी आली."

"ऊन आहे. सूनबाई, सावलीत बसा." मग माझ्या हातातली घागर त्यांनी अतिशय आदराने काढून घेतली आणि पुढच्या बाईकडे दिली. त्यांची बाजू अशी पूर्ण झाली. मी मेहुण्यांकडे पाहिलं. ते पताका मोजत होते.

मांडवात अकरापासून माणसं बसली होती. शाळेतली पोरं स्वागतगीत म्हणायला उभी होती. ती आधी उभी होती, मग टेकली, मग निजली. औक्षणाचं ताट घेऊन बहीण खांबाला धरून होती. निरांजनातलं तूप उन्हानेच वितळलं होतं. दोन वाजता पोस्टाचा शिपाई सायकल ढकलत आला, कारण चाकात हवा नव्हती, आणि त्याने तार दिली. सासऱ्यांनी ती मनात वाचली, मग उभं राहून, कोटाची बटणं लावून, मोठ्याने वाचली. नामदारांना अनपेक्षित कामामुळे येता येत नाही. कार्यक्रम गुरुवारी.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "मग पानी आता पिऊ का?" आणि पोरं पिंपाकडे पळाली.

त्या संध्याकाळी मी कुणाचीही वाट न पाहता बोललो. "उद्या सकाळच्या गाडीने आम्ही निघतो."

सासऱ्यांनी पंचांग काढलं. "उद्या अमावास्या."

"पण काल आपणच मंगळवारी न्या म्हणाला होतात."

"तेव्हा नामदार सोमवारी येणार होते," ते म्हणाले. त्यांना यात काहीच विसंगत वाटलं नाही, आणि त्यांच्या आवाजामुळे क्षणभर मलाही वाटलं नाही.

"मग बुधवारी."

"जाशील बुधी, येशील कधी?" कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. "बुधवारी लेकीबाळी घराबाहेर पाठवत नाहीत बाबा."

"गुरुवारी आठवा लागतो," मी म्हणालो.

सासऱ्यांनी पंचांगात बोट घातलं, मोजलं, पुन्हा मोजलं. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. "लागतो खरा. मग आता हलवता येत नाही."

"तिच्या पायांना सूज आहे. डॉक्टर म्हणाल्या..."

"बाळंतपणात सूज असतेच. आमच्या घरात पाच बाळंतपणं याच खोलीत झाली. सुईण जुनी आहे, हाताची बरी आहे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "आपण चिंता करू नका. आणि मानपत्रावरची तारीख तेवढी बदलून द्या."

मी मेहुण्यांना बाहेर गाठलं. म्हणालो, "तुम्ही बोला. तुमची बायको आहे." ते खरंच आत गेले. मी ओसरीवर उभा राहिलो. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि म्हणाले, "बोललो."

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले." मग मला धीर द्यायला, "ते बघू म्हणाले म्हणजे पुष्कळ झालं."

मंगळवारी सकाळी सातला भोंगा वाजला तेव्हा मी तारीख बदलत होतो.

माझी रजा बुधवारी संपत होती. पुरुषाला बुधवार चालतो, असं सासूबाईंनी पंचांग न बघता सांगितलं. त्यांनी वाटेसाठी दशम्या केल्या. चिरलेला गूळ शेवटी कामाला आला. बहीण मला सोडायला गाडीपर्यंत आली. मी म्हणालो, "चढ. अशीच चढ. पुढचं पुढे बघू."

"वेडा आहेस का? अशीच?" तिने नेसूच्या पातळाकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे, मग रस्त्याकडे. तिने खरंच विचार केला. मला तो विचार तिच्या तोंडावर दिसला. कंडक्टर म्हणाला, "बाई येताय का? दार लावायचंय." मी हात पुढे करायला हवा होता. मी तिच्याकडे पाहत राहिलो, ती काय ठरवते ते बघायला. दार लागलं.

खिडकीशी येऊन ती म्हणाली, "आईला सांग, सूज उतरली."

"उतरली?"

"सांग म्हणते ना."

मुलुंडला आईने दार उघडलं. आतल्या खोलीत तिने खाट घातली होती आणि उशाशी नवा तांब्या ठेवला होता. माझ्यामागे कुणी नाही हे दिसायला तिला वेळ लागला. मी नामदारांचं सांगितलं, अमावास्येचं सांगितलं, सूज उतरली असंही सांगितलं. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी न्या म्हणाले नाहीत? रीत आहे ती."

"म्हणालेच नाहीत," मी म्हणालो.

त्या रीतीची शिकवण तिनेच दिली होती. ते तिला आठवू नये एवढंच मला तेव्हा करता येण्यासारखं होतं, आणि तेवढं मी केलं. त्यात माझीही सोय होती.

नामदार गुरुवारीही आले नाहीत. आले ते पुढच्या महिन्यात. मेहुण्यांनी पत्रात लिहिलं की ते दहा-बारा मिनिटं थांबले, मानपत्र वाचायला वेळ नव्हता म्हणून नुसतं हातात दिलं, आणि त्यांनी ते शेजारच्या माणसाकडे दिलं. पिंपातलं पाणी ठरल्याप्रमाणे नळातून आलं. ओवाळायला शेजारची सून उभी केली, कारण माझ्या बहिणीला तोवर उभं राहवत नव्हतं.

आषाढात तार आली. मुलगी. दोघी ठीक. त्या दोन शब्दांत दोन दिवस बसले होते, हे आम्हाला नंतर कळलं: सुईणीने दुसऱ्या दिवशी हात टेकले, बाजाराचा वार नव्हता, आणि डॉक्टर आणायला गेलेले मेहुणे परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बहीण वाचली. तिला पुढे मूल झालं नाही. का, ते घरात कुणी कुणाला विचारलं नाही.

तार आल्यावर मी आईला घेऊन गेलो. आता तिला जायला हरकत नव्हती. बहीण खाटेवर होती, पातळाच्या घडीसारखी. मुलगी तिच्या कुशीत तांबडी होऊन रडत होती. आईने दोघींवरून हात फिरवला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसली.

सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे झालं असतं तर बरं होतं हो. आम्ही तर पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, सकाळच्या गाडीने न्या. ट्रंकसुद्धा काढली होती. पण तुमचे चिरंजीवच म्हणाले, सवडीने."

आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो. तिने पदर सावरला. मग म्हणाली, "जरा पाणी देता का?"

सासरे उठले. त्यांनी कोटाची बटणं लावली, आत गेले आणि चांदीचं फुलपात्र स्वतः घेऊन आले. "आज आमच्या घरचं पाणी आपल्याला चालतं झालं," ते म्हणाले. "हा आमच्या घराचा मोठा सन्मान आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आई ते पाणी सगळं प्यायली. ते विहिरीचं होतं. नळाला अजून आलं नव्हतं.